यंत्राचे प्रगतिपुस्तक

संपादकांनी अंकासाठी लेख मागितला आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "संगणकाच्या पडद्यावर काम चालू असताना एक पट्टी भरत जाते ना, तिच्यावर लिहीन म्हणतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते सौजन्याने म्हणाले, "सर, तवंदी घाटातल्या पावसावर काही दिलंत तरी चालेल." तवंदी घाटावर पुन्हा कधीतरी. यंदा ही पट्टीच; कारण गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेच्या कार्यालयात या बोटभर रुंदीच्या पट्टीने जेवढी उलथापालथ केली, तेवढी कुठल्या तपासणी अधिकाऱ्याने केल्याचे मला स्मरत नाही.

वाचकहो, ही पट्टी तुम्ही पाहिलेली आहे. बँकेच्या खिडकीपलीकडे पाहिली असेल, मुलाच्या मोबाईलवर पाहिली असेल. डावीकडून उजवीकडे रंग भरत जातो, शेजारी टक्के वाढत जातात आणि आपण हाताची घडी घालून बसतो. संगणकवाले तिला प्रोग्रेस बार म्हणतात, ती ज्या चौकटीत असते तिला प्रोग्रेस विंडो म्हणतात. मी मराठीचा एम. ए.; आयुष्य व्याकरणात आणि वेळापत्रकात गेले. मी तिला यंत्राचे प्रगतिपुस्तक म्हणतो. हे नाव गमतीने दिले होते, पण पुढे ते इतके चपखल बसेल असे वाटले नव्हते.

प्रकरण सुरू झाले ते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. आमची शाळा निपाणीजवळच्या एका गावातली. रजिस्टरचे सर्वांत जुने खंड मुंबई राज्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. रजिस्टरच्या छापील मथळ्यांवर हा सगळा प्रवास दिसतो. आधी मराठी मथळे, मग इंग्रजी, मग कानडी. आत लिहिलेली नावे मात्र त्याच घरांतली, बापामागून मुलगा आणि मुलामागून नातू.

या जुन्या पानांना आज भाव आला आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढायचा तर मानीव दिनांकापूर्वीचा कागद शोधावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कागल बाजूच्या गावांतली कितीतरी मुले त्या काळी आमच्याकडे शिकायला येत. सीमा तेव्हा अशी आड आलेली नव्हती. आता त्यांची नातवंडे जूनच्या महिन्यात, प्रवेशाची तारीख दोन दिवसांवर आलेली असताना, "आजोबांची नोंद मिळेल का ओ?" म्हणून दारात उभी राहतात. आजोबा कुठल्या साली शाळेत आले हे त्यांना ठाऊक नसते. रजिस्टर प्रवेशक्रमांकाने लावलेले, नावाने नव्हे. एकेक नोंद शोधण्यात हेडक्लार्कांची दुपार जाई.

हे हेडक्लार्क म्हणजे आमचे तात्या. मुलांचे तात्या, शिक्षकांचे तात्या आणि माझेही तात्याच. शाळेतल्या सगळ्या जुन्या मास्तरांची अक्षरे ओळखणारा शेवटचा माणूस. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी एकट्याने, वर्षावर्षाची वेगळी फाईल करून, साडेअठरा हजारांच्या आसपास नोंदी संगणकावर उतरवल्या होत्या. परंतु त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. या फॉन्टची गोम अशी की यंत्राच्या पोटात अक्षरे इंग्रजीच असतात, त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवलेला असतो. मुखवटा काढला की 'पाटील' हा निव्वळ खिचडी दिसतो आणि शोधून सापडत नाही. युनिकोडमध्ये हा प्रश्न नाही. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला आणि कन्नडला स्वतःच्या जागा आहेत. तेव्हा सगळ्या नोंदी जुन्यातून नव्यात आणायच्या, शेजारी त्या त्या पानाचे छायाचित्र लहान करून जोडायचे आणि मग नावाने शोधायचे, असे ठरले.

आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला आहे. गणपतीला गावी आली होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी करून देतो की सर." पुण्यात सहा वर्षे राहूनही तिचे 'मी करतो, मी जातो' सुटलेले नाही, याचा मला आत कुठेतरी आनंद होतो. चार दिवसांत तिने प्रोग्राम बसवून दिला. काम साधे नव्हते. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग 'क' असतो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'क', मग वेलांटी. 'वर्ग' शब्दातला रफार जुन्यात 'ग'च्या नंतर येतो, नव्यात आधी. अशा शेकडो अदलाबदली. त्यात कानडी रकाने वेगळ्या फॉन्टमध्ये. आमचा देणगीतला संगणक हे सगळे करायला चाळीसेक मिनिटे घेई. ती पुण्याला परतली आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी बटण दाबले.

पाच-सहा सेकंदांनी खिडकी पांढुरकी पडली. वरच्या पट्टीवर इंग्रजीत शब्द उमटले, 'नॉट रिस्पाँडिंग'. तात्यांनी माऊस हलवला, बटणावर दोनदा टिचकी मारली, काही हालेना. पंधरा मिनिटे त्यांनी वाट पाहिली. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बंद पडलंय की ओ सर हे." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता परत जाऊन त्यांनी यंत्राचे बटण दाबून धरले.

यंत्र बंद पडलेले नव्हते. ते मान मोडून काम करत होते. १९६० सालाच्या फाईलवर लिहीत असतानाच त्याचा श्वास कोंडला गेला. अर्ध्या नोंदी नव्या लिपिव्यवस्थेत, अर्ध्या जुन्या आणि मधली एक फाईल उघडेचना. मुलीने जाताना सगळ्याची प्रत काढून ठेवली होती म्हणून रजिस्टर वाचले. पण ती प्रत निघाल्यानंतर, त्याच दिवशी रात्री जागून, तात्यांनी हाताने केलेल्या दोनशेच्या वर दुरुस्त्या गेल्या. शाळेत बातमी कशी पसरते ते तुम्हाला सांगायला नको. मधल्या सुटीपर्यंत 'तात्यांनी कॉम्प्युटर मोडला' हे सातवीच्या वर्गापर्यंत पोचले होते. तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संगणकावर टेबलक्लॉथ टाकला आणि ते पुन्हा कागदी रजिस्टर घेऊन बसू लागले. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते.

मला यात तात्यांचा दोष तेव्हाही दिसला नाही आणि आजही दिसत नाही. ज्याने पंधरा मिनिटांत हूं की चूं केले नाही, उलट 'मी प्रतिसाद देत नाही' अशी पाटी कपाळावर लावली, त्याला मेलेला समजणे यात काय चुकले? मी पुण्याला फोन लावला. पोरगी बिचारी रडवेली झाली. "सर, चूक प्रोग्रामची आहे. मी खिडकी आणि काम एकाच थ्रेडवर ठेवलंय."

थ्रेड म्हणजे दोरा, एवढे इंग्रजी मला येते. बेळगावच्या शहापुरात, वडगावात मागावरचे दोरे मी लहानपणी पाहिले आहेत. पण या दोऱ्याचा अर्थ समजायला तिने दिवाळीच्या सुटीत माझ्यासमोर बसून दोन दुपारी घालवल्या. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

कार्यालयात एकच कारकून आहे असे समजा. तोच खिडकीवर बसतो आणि तोच आत दप्तरखान्यात जाऊन रजिस्टर शोधतो. आत गेला की खिडकी ओस. बाहेर रांग लागते, लोक फळीवर थापट्या मारतात, आतल्या माणसाला ऐकू येत नाही. पाच मिनिटे झाली की रांगेतला कुणीतरी म्हणतो, "कुणी न्हाई आत." विंडोज हेच करते. कुठलाही प्रोग्राम पाच सेकंद आपल्या खिडकीवर आलेले निरोप उचलत नसेल, तर तो प्रतिसाद देत नाही असे ती धरून चालते आणि त्याच्या खिडकीच्या जागी एक निर्जीव पांढुरकी नक्कल उभी करते. अँड्रॉईडच्या मोबाईलवरही बोटाच्या स्पर्शाला उत्तर द्यायची मुदत पाच सेकंदांचीच. विद्यार्थ्याला प्रश्न विचारून मी स्वतः किती सेकंद थांबतो, हे मी त्यानंतर दोन-तीन तासांना घड्याळ लावून पाहिले. यंत्रे माझ्यापेक्षा सोशिक निघाली.

यावर एक जुनी पळवाट आहे. कारकुनाने दर पानाला उठून खिडकीवर डोकावून यायचे आणि पुन्हा आत जायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ही युक्ती फार वर्षे चालत आली. हिला डू-इव्हेंट्स म्हणतात. फोनवर सांगून तिने आधी तेवढेच करून दिले होते. खिडकी जिवंत राहिली हे खरे, पण आमच्या कनिष्ठ लिपिक अक्कांनी, काही होत नाहीसे वाटून, पुन्हा तेच बटण दाबले. डोकवायला आलेल्या कारकुनाने ते नवे काम समजून पहिले शोधणे अर्ध्यात ठेवले आणि दुसरे सुरू केले. नव्या लिपीत आलेल्या नोंदींवर पुन्हा तोच संस्कार. 'देसाई' या आडनावाचे जे काही झाले होते ते छापण्याजोगे नाही. या वेळी प्रोग्राम मूळ फाईलींना हात न लावता वेगळ्या फाईलीत लिहीत होता, म्हणून फक्त हसून भागले.

खरा उपाय दोन माणसांचा. एकाने खिडकी सोडायची नाही, दुसऱ्याने आत काम करायचे. म्हणजे दोन थ्रेड, एक खिडकीचा आणि एक पाठीमागचा. तिने माझ्यासमोर तसे लिहिले. पाठीमागच्याने नोंदी बदलायच्या आणि दर नोंदीला पट्टी थोडी पुढे सरकवायची. बटण दाबले आणि पहिल्याच नोंदीला प्रोग्राम कोसळला. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक तक्रार होती. तिचा आशय असा की ही वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केली, त्याच्याखेरीज दुसऱ्याच थ्रेडने तिला हात लावला.

इथे मला मौज वाटू लागली. पट्टी खरी सरकवायची आहे, काम खरे झालेले आहे, ते ज्याने केले तोच सांगतो आहे; मग त्याला हात का लावू द्यायचा नाही? तिने बसस्टँडवरच्या कंट्रोलरचे उदाहरण दिले. गाडी घेऊन आलेला कंडक्टर केबिनमध्ये जाऊन सांगतो, माईकवर मात्र कंट्रोलरच बोलतो. सगळे कंडक्टर माईक ओढू लागले तर कोल्हापूरची गाडी आणि चिकोडीची गाडी एकाच वाक्यात येतील. उदाहरण चांगले होते, पण मला त्याहून जवळचे सापडले. प्रगतिपुस्तक.

आमच्याकडे गणिताचे सर गणित तपासतात, कन्नडच्या बाई कन्नड तपासतात. पण एकही विषयशिक्षक विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात स्वतः गुण लिहीत नाही. तो गुणांची यादी वर्गशिक्षकाकडे देतो. पुस्तक वर्गशिक्षकाचे, लिहिणे, बेरीज, शेरा, सही, सगळे त्याच्या हातचे. सहा जणांनी एकाच वेळी एकच पुस्तक ओढले, कुणी बेरीज करत असताना कुणी वरचा आकडा बदलला, तर त्या बेरजेला अर्थ काय राहील? यात विषयशिक्षकावर अविश्वास नाही. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकी तिला जन्म देणाऱ्या थ्रेडची असते. तिच्यासाठी येणारे निरोप त्याच्याच टपालपेटीत पडतात आणि तो ते एकेक करून उचलतो. जावामध्ये हीच रीत आहे, मॅकवर आहे, मोबाईलवर आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीत या कामासाठी तयार अवजारच दिले, बॅकग्राऊंड वर्कर नावाचे. आत काम चालते, 'इतके झाले' असा निरोप निघतो आणि तो खिडकीच्या थ्रेडवर पोचवण्याची जबाबदारी त्या अवजाराची. मग खिडकीचा धनीच आपल्या हाताने पट्टी सरकवतो.

निरोप पाठवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. चिठ्ठी टाकून आपल्या कामाला लागायचे, ही एक. चिठ्ठी वाचली गेली असा होकार येईपर्यंत दारात उभे राहायचे, ही दुसरी. दुसरी धोक्याची. समजा खिडकीवरचा माणूसही म्हणाला की आतले काम संपल्याशिवाय मी कुणाची चिठ्ठी उचलणार नाही. आतला होकारासाठी थांबलेला, बाहेरचा काम संपण्यासाठी थांबलेला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि प्रोग्राम जन्मभर थिजलेला. संगणकवाले याला डेडलॉक म्हणतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या पालकांना हा शब्द शिकवावा लागणार नाही. मुलाच्या महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी इकडचे कार्यालय म्हणते तिकडचे पत्र आणा, तिकडचे म्हणते इकडचा दाखला असल्याशिवाय पत्र देता येत नाही. मी असे तीन पालक एका पावसाळ्यात पाहिले. प्रोग्राममध्ये निदान होकाराची वाट न पाहणारी चिठ्ठी टाकता येते.

चिठ्ठ्यांचा सुकाळही बरा नव्हे, हे दुसऱ्या दुपारी कळले. दर नोंदीला निरोप म्हणजे साडेअठरा हजार निरोप. जिथे पान लहान करायचे नव्हते तिथे काम इतके भराभर होई की खिडकीवाला नुसत्या चिठ्ठ्या वाचण्यातच बुडून गेला आणि खिडकी पुन्हा अडखळू लागली. मग शंभर नोंदींना एक निरोप असा दंडक घातला. आमच्या शिक्षण खात्यातल्या ज्या मंडळींना रोज नवा तक्ता ऑनलाईन भरून हवा असतो, त्यांना कुणीतरी ही गोष्ट सांगावी.

आता उरला प्रश्न असा की पट्टीने सांगायचे काय? या प्रश्नाला इतिहास आहे. १९८५ साली ब्रॅड मायर्स नावाच्या, तेव्हा टोरांटो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने 'किती टक्के झाले' दाखवणाऱ्या खुणांवर एक निबंध वाचला. काही माणसांना ही पट्टी असलेल्या आणि नसलेल्या यंत्रावर बसवून त्याने पाहिले. माणसांना पट्टी असलेली हवी होती. यंत्र दोन्हीकडे तेच. मला यात नवल वाटले नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला दर अर्ध्या तासाने सुईण येऊन 'वेळ आहे अजून' एवढेच सांगून जाई, त्यात नवे काय कळत होते? पण ती आली नाही तर जीव टांगणीला लागे.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेत ख्रिस हॅरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी बारकाईने पाहिले. तेवढ्याच वेळात भरणाऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या चालींनी चालवल्या, तर शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटी रेंगाळणारी लांबते. आमच्या मुलीने विचारले, "सर, आपणही तसं करूया का? आधी हळू दाखवायचं, शेवटी पळवायचं." मी नको म्हणालो. परीक्षेच्या पहिल्या चाचणीत मुद्दाम कमी गुण देऊन वार्षिक परीक्षेत वाढवून देणारे एक शिक्षक मी पाहिलेले आहेत. पालक खूश असत आणि मुलगा जिथल्या तिथे असे. सुधारणेचा तो देखावा मला कधी पटला नाही, तर यंत्राकडून कशाला करवून घ्या?

प्रामाणिक पट्टी करणे मात्र अवघड निघाले. नोंदी मोजून टक्के काढले, तर सगळ्या नोंदी संपून पट्टी ९९ वर येई आणि तिथेच चार मिनिटे बसे, कारण शेवटी सगळे एकत्र करून एका मोठ्या फाईलीत लिहायचे असे. हे ९९ टक्के आपल्या ओळखीचे आहेत. आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंत पाच वर्षे ९९ टक्के पूर्ण होती. तिने मग त्या लिहिण्याला वेगळा वाटा दिला आणि पट्टीखाली शब्दांत मजकूर घातला: 'आता फाईल लिहीत आहे, वीज बंद करू नका.' आकड्यांपेक्षा हे साधे वाक्य कामाला आले.

तरीही तात्या टेबलक्लॉथ काढेनात. मी एकदा हट्टाने त्यांना शेजारी बसवून पट्टी चालू करून दाखवली. २३ टक्के, २४ टक्के. तात्या पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, टक्क्यात मला काय कळतंय? कुठल्या सालापर्यंत आलंय ते सांगूदे की."

त्या क्षणी आम्हा दोघांना, मला आणि त्या मुलीला, एकमेकांकडे पाहून हसू आले. नोंदी प्रवेशक्रमांकानेच जातात, तेव्हा साल आधीपासून हाताशी होते. दर निरोपात आकड्याबरोबर सालही पाठवायचे, एवढेच काम. तिने दहा मिनिटांत केले. पट्टीच्या वर मोठ्या अक्षरांत साल येऊ लागले.

पुढची चाळीस मिनिटे तात्या त्या पडद्यासमोरून हलले नाहीत. १९५४ आले तसे म्हणाले, "हे वळणदार अक्षराचे मास्तर. 'र' असा काढायचे की 'स' वाटावा." १९५६ पार झाले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. १९६० आले. मागच्या खेपेला यंत्र याच सालावर मेले होते. तात्यांचा हात नकळत टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. १९६१ उमटले. मग १९६४, "आता निळ्या शाईचे मास्तर". १९७१ मध्ये त्यांच्या स्वतःच्या थोरल्या भावाचे नाव होते, पडद्यावर ते दिसले नाही, पण साल आले तसे त्यांनी मला सांगितले. शेवटी 'फाईल लिहीत आहे' आले तेव्हा त्यांनी उठून भिंतीवरच्या बटणापाशी उभ्या असलेल्या शिपायाला हाताने मागे सारले.

दुसऱ्या दिवशी टेबलक्लॉथ घडी करून कपाटात गेला होता.

या खिडकीत माझा वाटा फक्त शब्दांचा आहे. काम मधेच थांबवायचे तर एक बटण हवे. तिने त्यावर 'रद्द' लिहिले होते. मी ते बदलायला लावले. 'रद्द' म्हणजे केलेले सगळे गेले, अर्ज रद्द, निवडणूक रद्द. आमच्या बटणाने तसे होत नाही. बटण दाबले की पाठीमागच्या थ्रेडला कुणी मारत नाही, फक्त एक खूण करून ठेवली जाते. तो हातातली नोंद पुरी करतो, खूण पाहतो आणि नीटपणे थांबतो; पुन्हा सुरू केले की तिथूनच पुढे. चालत्या थ्रेडला मधेच ठार करायची एक जुनी सोय होती, तीही नव्या डॉटनेटमधून काढून टाकली आहे असे तिने सांगितले. हातात अर्धे लिहिलेले असताना मारलेला माणूस मागे काय घोटाळा ठेवून जातो, ते आमच्या १९६० च्या फाईलीने दाखवले होतेच. तेव्हा बटणावर आले 'थांबवा'. त्याखाली अक्कांच्या सूचनेवरून 'निल्लिसि'. वरच्या ओळीतही 'काम चालू आहे' याच्या शेजारी 'केलस नडेयुत्तिदे'. दोन्ही भाषांच्या ओळी सारख्याच आकाराच्या असाव्यात, हे अक्कांनीच पाहून घेतले. मोजपट्टी घेऊन, खरोखरच. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

यंदाच्या जूनमध्ये कागल बाजूची एक मुलगी आईला घेऊन आली. पणजोबांचे नाव सांगितले, साल माहीत नव्हते. तात्यांनी नाव टाइप केले, शोध सुरू झाला, पट्टी अर्धीही भरली नाही तोच तीन नोंदी समोर आल्या. दुसरी नोंद त्यांची होती. तात्यांनी कागदी खंड काढून पडताळला, दाखला हाताने लिहिला, मी सही केली. मुलीची आई सगळा वेळ पडद्याकडे पाहत होती. जाताना तिने विचारले, "ते साल पळत होतं, ते काय ओ?" तात्यांनी तिला अगदी सविस्तर सांगितले. माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

सगळे संपलेले नाही. मराठी आणि कानडी फॉन्ट जिथे एकाच रकान्यात मिसळले आहेत, तिथे प्रोग्राम अडखळतो आणि त्या नोंदी एका वेगळ्या यादीत टाकून पुढे जातो. अशा २१२ नोंदी आहेत. त्या कागदावरून हातानेच उतरवायच्या. मुलगी भाऊबीजेला येणार आहे, तात्या सुटीतही येतो म्हणाले आहेत. यादीतली पहिलीच नोंद १९५३ सालची, वळणदार अक्षराच्या मास्तरांच्या हातची. आडनावातले तिसरे अक्षर 'र' आहे असे मी म्हणतो. तात्या म्हणतात 'स'.